राखेतला खळगा

चूल विझल्यावर उरलेल्या राखेत पाण्याचा थेंब पडला की बारीकसा खळगा होतो. कडा किंचित उचललेल्या, मध्ये काळपट ओला ठिपका. सात-आठ वर्षांची असताना पावसाळ्यात मी सकाळी उठले की आधी चुलीपाशी जाऊन हे खळगे मोजायची. तीन-चार असले तर रात्री नुसती भुरभुर झालेली असायची. मोजता येईनात, राखच बसून चिखल झालेली असली, की आई काही न बोलता कोरडी गोवरी काढायला माळ्यावर चढायची. रात्री पाऊस किती झाला हे कळायला मला अंगणात जावं लागत नसे.

आमचं घर आकुर्डीच्या गावठाणात, विठ्ठल मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील, अण्णा, १९६८ साली पाटण तालुक्यातलं गाव सोडून इकडे आले. दोनच वर्षांनी आकुर्डी, चिंचवड, पिंपरी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, पण गावठाणात शिरलं की गोठ्याचा वास आणि सकाळचा चुलीचा धूर तसाच होता. मुंबई-पुणे रस्त्याकडून कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे आणि शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज. अण्णा एका लहान वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचे. कारखान्यांना लागणारे हवेचे डक्ट, यंत्रांवरची झाकणं, भट्ट्यांचे धुराचे नळे. १९७४ साली त्यांनी दोन खणांचं कौलारू घर बांधलं. धुरानं आईचे डोळे सतत लाल असायचे, म्हणून भंगारातून सहा इंची लोखंडी नळा आणून त्यांनी तो चुलीवरून वर काढला. त्यासाठी दोन कौलं फोडली आणि नळ्याभोवतीची फट सिमेंटनं भरून टाकली. घरातला धूर गेला. पुढच्या जूनमध्ये पाणी यायला लागलं.

आई त्याला धुराडं म्हणायची आणि अण्णा चिमणी म्हणायचे. मला बरेच दिवस वाटायचं की त्या नळ्यात खरंच चिमणी राहत असणार. मराठीनं हा शब्द इंग्रजीकडून घेतला आणि आपल्या पाखराच्या नावात इतका बेमालूम मिसळून टाकला की परका वाटेचना. कंदिलाची काच चिमणी, काच नसलेला रॉकेलचा दिवाही चिमणीच, आणि आता ओट्यावर भिंतीला लावलेलं, बटण दाबलं की घुमणारं यंत्रही चिमणीच. आमच्या घरी तर दोन्ही चिमण्या शेजारी होत्या. नळ्याच्या उबेला लागून असलेल्या कौलाखाली पाखरांनी घरटं केलं होतं आणि त्याच्या काड्या कौलाच्या कडेबाहेर लोंबत असत. पाणी त्या काड्यांवरून सरळ आत उतरायचं. अण्णांना हे दिसत होतं. पण पिल्लं उडून जाईपर्यंत त्यांनी तिथं हात घातला नाही.

मराठी मूल बहुतेक जी पहिली गोष्ट ऐकतं तीच पावसात घर टिकण्याची आणि वाहून जाण्याची असते. चिऊताईचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. मेणातून पाणी झिरपत नाही, म्हणून चिऊताई कोरडी राहिली. मी आईला विचारलं होतं, मेणाच्या घरात चिऊताई चूल कशी पेटवते? गोष्टीत तर पुढे तवा येतो, तो तापलेलाही असतो. आई म्हणाली, "झोप आता." तो प्रश्न बालिश होता असं मला आजही वाटत नाही. पाऊस बाहेर ठेवायचा आणि विस्तव आत ठेवायचा, या दोन गोष्टी एका छपराखाली जमवणं फार अवघड असतं. छपराला सगळीकडे बंद राहायचं असतं. विस्तवाला एक तरी भोक लागतं.

त्या भोकाभोवती अण्णांनी सहा-सात वर्षं काय काय केलं ते मला आठवतं. सिमेंट दरवर्षी तडकायचं. त्यांनी त्यात वाळू कमी-जास्त करून पाहिली, गोणपाट भिजवून घातलं. मग डांबर आणलं. ते पहिल्या पावसात टिकलं, पण श्रावणात सणाच्या स्वयंपाकाला चूल दिवसभर पेटती राहिली तेव्हा नळा तापून डांबर पातळ झालं आणि त्याचे ओघळ नळ्यावरून खाली आले. तो वास आठवडाभर घरातून गेला नाही. दोष सिमेंटचा नव्हता आणि डांबराचाही नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. दोन मीटर लांबीचा लोखंडी नळा दीडशे अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतो. रात्री निवला की तेवढाच आखडतो. दिवसातून दोनदा, वर्षभर. भोवतीचं कौल मात्र जागचं हलत नाही. असा येता-जाता नळा सिमेंटमध्ये घट्ट धरून ठेवला तर सिमेंट सुटणारच.

१९८१ सालची पालखी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. नारायण महाराजांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला असं मानतात. त्या एका रात्री गावठाणातलं प्रत्येक घर पाहुण्यांनी भरून जातं. आमच्याकडे दिंडीतले अकरा जण उतरले होते. दोन चुली पेटल्या होत्या, आई आणि शेजारच्या मावशी भाकरी करत होत्या, पिठल्याचं पातेलं उतरवून ठेवलं होतं. आणि पावसाची सर आली. नळ्यावरून घरंगळलेला काजळीचा थेंब टपकन तव्यावरच्या भाकरीवर पडला. पांढऱ्या भाकरीवर रुपयाएवढा काळा डाग. आईचा चेहरा उतरला. ती भाकरी बाजूला सारणार एवढ्यात माजलगावकडच्या एका म्हातारीनं ती उचलून घेतली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं माय, पांडुरंगाचा बुक्का लागलाय." आणि खाल्ली.

अण्णा ओसरीवर जेवायला बसले होते. त्यांनी ते ऐकलं. घास हातात तसाच धरून थोडा वेळ बसून राहिले.

त्या म्हातारीनं जेवणानंतर आपल्या घराचं सांगितलं होतं, तेही मनात राहिलं आहे. तिचं घर धाब्याचं, माळवदाचं. वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेड यायला आणि धूर जायला छतात एक भोक, भोवती मातीचाच उंच काठ, म्हणजे वरचं पाणी वळसा घालून जावं. पावसाची चाहूल लागली की घरातल्या कुणीतरी पळत वर जाऊन भोकावर फरशी ठेवायची. मग तेवढा वेळ घरात धूर कोंडतो. "एक तर धूर नाही तर पाणी, दोन्ही एकदम कसं टळंल?" असं ती म्हणाली. अण्णांनी तिला काठ किती उंच असतो ते विचारलं. तिनं वीत दाखवली.

पालखी पुण्याकडे, नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडे निघून गेली आणि पुढच्या रविवारी पाऊस उघडलेला बघून अण्णा छपरावर चढले. मला त्यांनी माळ्यावर बसवलं. हातात बॅटरी. माळ्यावर गोवऱ्यांचा, जुन्या लाकडांचा आणि उंदरांचा वास, आणि कौलांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या रेघांत धूळ. माझं काम एकच होतं. नळ्यापाशी नजर ठेवायची आणि पाणी दिसलं की ओरडायचं. आई शिडीवर उभी राहून पाण्याचे तांबे वर देत होती.

"खालनं वर जायचं," अण्णा वरून सांगत होते. "आधीच वरनं वतलं तर पाणी समदीकडनं फिरून येतंय. मग कुणाला धरायचं?"

नळ्याच्या खालच्या अंगाला त्यांनी एक तांबा ओतला. काही नाही. डाव्या अंगाला, मग उजव्या. काही नाही. प्रत्येक वेळी ते थांबून वाट बघायचे, कारण पाण्याला आत यायला वेळ लागतो. ते जिथं शिरतं तिथंच पडत नाही. वाशावरून घसरत, खिळ्याला अडखळत, हातभर लांब जाऊन टपकतं, आणि आपण भलत्याच जागी लिंपत बसतो. मग त्यांनी नळ्याच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या बाजूनं, धार धरली. मी श्वास रोखून बघत होते. कौलाच्या पोटाला आधी एक काळी रेघ उमटली, ती जाड झाली, चकाकली आणि नळ्याच्या मागच्या बाजूनं खाली उतरली.

"आलं!" मी ओरडले.

त्या घरातलं माझं पहिलं उपयोगाचं काम हेच.

उतारावरून धावत येणारं पाणी नळ्याच्या पाठीवर आदळून तिथं तुंबतं. नदीत खडकाच्या वरच्या अंगाला पालापाचोळा साठतो तसं. गळती बहुतेक तिथूनच असते, आणि आपण सिमेंट भरतो ते समोरून, शिडीवरून हात पोचतो त्या बाजूनं. अण्णांनी त्या दिवशी सगळं सिमेंट छिन्नीनं फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून येताना २४ गेजचा जस्ती पत्रा आणला. अंगणात बसून त्यांनी त्याचं काय केलं ते मी शेजारी बसून पाहिलं.

पत्र्याचा एक मोठा चौकोन. मध्ये भोक, आणि भोकावर वीतभर उंच गोल गळा उभा केलेला, बुडाशी डाग देऊन पक्का केलेला. हा पत्रा कौलांत कसा बसवायचा त्यात सगळी मेख होती. वरची कड वरच्या ओळीच्या कौलांखाली सारायची, खालची कड खालच्या ओळीच्या कौलांवर सोडायची. बाजूच्या कडा दुमडून उभ्या करायच्या, म्हणजे पाणी आडवं पसरणार नाही. मंगलोरी कौलं मुळात अशीच बसतात, प्रत्येक वरचं खालच्यावर चढलेलं. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात ही कौलं पाडायला सुरुवात केली आणि पुढे ती कोकणात, घाटावर सगळीकडे पोचली. पण त्याच्या आधीची गावठी नळीची कौलंही तशीच आणि पाखराची पिसंही तशीच. अण्णांचं म्हणणं होतं, "पाण्याला आडवायचं न्हाई. हिथनं जा म्हणून वाट दाखवायची." पाटणच्या पावसात वाढलेला माणूस होता तो. दर वैशाखात त्यांच्या गावी कौलं चाळायची, एकेक उतरवून, पुसून, फुटकं बदलून पुन्हा लावायची. पत्रा कापायला ते आकुर्डीत शिकले. पाणी ओळखायला गावाकडेच शिकले होते.

नळा गळ्यातून वर गेला. गळ्याला तो कुठंही टेकत नव्हता. मला वाटलं, अण्णा चुकले. एवढी फट ठेवली तर पाणी आत जाणारच. त्यांनी हसून दुसरा तुकडा उचलला. कापलेल्या कागदी शंकूसारखी एक छत्री होती ती. ती नळ्याला वरून अडकवून आवळपट्टीनं करकचून बांधली, बांधलेल्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी भरली. त्या दोरीतला धोका तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. आज ती कुणी वापरू नये. छत्री नळ्याची, गळा छपराचा. छत्री गळ्यावर झुकलेली, पण त्याला चिकटलेली नाही. मध्ये माझी करंगळी जाईल एवढी जागा. नळा तापून वाढला तर छत्री त्याच्याबरोबर वर जाते, निवला की खाली येते, आणि छपराला त्याचा पत्ताही लागत नाही. वाशांपासूनही त्यांनी नळा चांगला लांब ठेवला होता, लाकडाला धग लागू नये म्हणून.

त्या करंगळीएवढ्या जागेचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, पुण्यातल्या तांबट आळीतून आणलेला. बंबाच्या पोटातून तर विस्तवाची नळीच जाते आणि तिच्या चहूबाजूंनी पाणी असतं, तरी एक थेंब निखाऱ्यावर पडत नाही. मग तिथं फट का लागत नाही? अण्णा म्हणाले, तिथं सगळंच तांबं. तापलं तर एकदम तापतं, वाढलं तर एकदम वाढतं, म्हणून पक्का सांधा टिकतो. छपरावर लोखंड, माती, लाकूड आणि सिमेंट अशी चार जणं. प्रत्येकाचं तापणं वेगळं. त्यांना एकमेकांत घट्ट आवळलं की कुणीतरी तुटतं.

माणसांच्या घरालाही हे लागू पडतं असं म्हणायचा मोह मला आहे, आणि मी तो आवरत नाही. आमच्या घरात आजी होती, तिचं सोवळं होतं. अण्णांचा युनियनचा गोतावळा होता. आईची न बोलण्याची पद्धत होती. ते घर टिकलं ते मध्ये ठेवलेल्या जागेमुळे.

एकदा, मी कॉलेजात असताना, आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. सगळे पॉइंट बघत होते आणि अण्णा एका जुन्या बंगल्याच्या फाटकाबाहेर उभे. थंडीसाठी शेकोट्या असलेले ते साहेबी बंगले, त्यांच्या छपरांवर जांभ्या दगडाची धुराडी. महाबळेश्वरच्या पावसात ती धुराडी कशी टिकली असतील हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मला बोटानं दाखवलं. रुंद धुराड्याच्या पाठीमागे, आढ्याच्या बाजूला, छपरावर एक लहानसं उलटं छप्पर होतं, मांजर पाठ वर करून बसावं तसं. पाणी त्यावर येऊन दोन्हीकडे वाटलं जायचं, धुराड्याच्या पाठीवर साठतच नव्हतं. आणि धुराड्याच्या दगडात एक आडवी खाच पाडून तिच्यात पत्र्याची कड खोवलेली, ती खाली वाकवून छपराच्या पत्र्यावर नुसती सोडलेली. इथंही दोन पत्रे, दोघांमध्ये जोड नाही. इंग्लंडात हे काम शिशाच्या पत्र्यानं करतात. शिसं मऊ, हातोडीनं थोपटलं की हवा तो आकार घेतं. अण्णा कितीतरी वेळ बघत होते. त्यांनी कधी न पाहिलेल्या कुणा गवंड्यानं तोच विचार केला होता, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. "बरोबर केलंय," एवढंच ते म्हणाले.

१९८६ साली घरात गॅस आला. आई काही वर्षं आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवायची, मग तेही थांबलं. धूर थांबला की घर जास्त टिकेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट झालं. वाशांवर धुराचा जो काळा, चिकट थर असायचा तो वाळून झडला आणि दोन-तीन वर्षांत लाकडातून भुंग्याचं पांढरं पीठ गळायला लागलं. इतकी वर्षं ज्या धुरानं आईचे डोळे जाळले, त्यानंच ते लाकूड राखलं होतं. चूल बंद झाली तसा नळाही रोज तापून सुकायचा राहिला. आतल्या काजळीत ओल धरून तो पोटातून गंजला. चिमणी वापरात नसेल तर तिचं तोंड वरून टोपी घालून झाकावं, नाही तर नळा काढून भोक रीतसर कौलानं बंद करावं. आम्ही दोन्ही केलं नाही, आणि नळ्याचा वरचा तुकडा १९९४ च्या वादळी पावसात पडला. अण्णांनी दुसरा बसवला. गळा आणि छत्री तीच.

आता मी प्राधिकरणातल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. इथं छप्पर माझं नाही. पण ओट्यावर चिमणी आहे आणि तिचा नळा भिंतीतून बाहेर जातो. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्या नळ्यातून पाणी येऊन शेगडीवर पडायला लागलं. दुरुस्तीला आलेल्या मुलानं भोवती सिलिकॉनचा जाड थर दिला आणि गेला. पुढच्या सरीला पुन्हा तेच. मग मी स्टुलावर चढून हात आत घातला. नळा घराच्या आत उतरता बसवलेला होता. बाहेरचं पाणी साहजिकच आत येत होतं. त्यानं दुसरं काय करावं? तो बाहेरच्या बाजूला बोटभर उतरता करून घेतला, तोंडाला खाली वळलेली जाळीची टोपी लावली. त्या मुलाला मी राग न धरता दाखवलं की भोवती लिंपण्याआधी पाण्याचा रस्ता बघायचा असतो. तो ऐकत होता. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. गावठाणातली बरीच घरं पाडून तिथं चार-चार मजले उभे राहिले आहेत. आमचं अजून आहे, त्यात भाडेकरू आहेत, दोघंही चाकणला कामाला जातात. गेल्या आषाढात त्यांचा फोन आला की स्वयंपाकघरात गळतंय, जुन्या चिमणीजवळ. मी गेले. त्यांच्या मुलाला माळ्यावर बसवलं, हातात मोबाईलची बॅटरी. गावठाणात कौलांवर चढणारा एक माणूस अजून मिळतो, त्याला खालून वर तांबे ओतायला सांगितले. गळ्याच्या खाली ओतलं, बाजूंना ओतलं, पाठीमागे ओतलं. मुलगा गप्प. छत्रीखालची ती जागा तशीच होती. माणूस आढ्यापर्यंत पोचला तेव्हा कुठं मुलगा ओरडला. आढ्यावरच्या तिसऱ्या कौलाखालचा चुना गेला होता. तिथून पाणी वाशावरून चालत येऊन चिमणीपाशी पडत होतं. यंदाच्या वैशाखात तो भरून घेतला.